वरच्या गल्लीचं पाणी

उद्याच्या वड्यांची डाळ भिजत घातली, तांदूळ निवडून डब्यात भरले, आणि जरा पाठ टेकावी म्हणून मी सोप्यातच चटईवर आडवी होते. दुपारचे तीन वाजत आलेत. वर पंखा खुटखुट करतोय. चटई नेमकी त्या खोलीच्या दाराला लागून आहे, कारण वारा तिथंच लागतो. एरवी मी त्या दाराकडं बघतही नाही. आजही त्याच्याकडं पाठ करूनच कुशीवर वळते. झोपायचं नाही, असं मनाशी ठरवते. असं ठरवलं की डोळा लागतोच, तुम्हालाही ठाऊक असेल.

उद्या ह्यांचं वर्षश्राद्ध. हे म्हणजे आमचे मालक, निवृत्तीराव. नाव घ्यायला आता कसली लाज. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम करायचे. पस्तीस वर्षं खांद्यावर ती कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचे. आमचं गाव डोंगराच्या उतारावर. खालच्या गल्लीला धो धो पाणी, वरच्या गल्लीला करंगळीएवढी धार. वरच्या बायका ह्यांना येता-जाता शिव्या घालायच्या, आणि हे हसत पुढं जायचे.

आणि रोज पहाटे चार ते साडेपाच ध्यान. आभाळ कोसळलं तरी. बावीस वर्षं. डोंगराखालच्या नाथांच्या मठातल्या बाबांनी दिलेलं. श्वास घेताना 'सो', सोडताना 'हं'. पाठीच्या कण्यात म्हणे सहा चक्रं असतात, एकावर एक, आणि सातवं टाळूत. खाली निजलेली शक्ती एकेक चक्र ओलांडत टाळूला पोचली की शिवाला मिळते, आणि मग मी-तू असं काही उरतच नाही. मी विचारलं होतं, "काही उरत नाही तर मग दूध कोण आणणार?" तेव्हा ह्यांनी मला त्यांच्या भाषेत समजावलं. "अगं, खालच्या हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं. मधे सहा व्हॉल्व्ह. दुसरं काय न्हाई."

गेल्या वर्षी ह्या दारामागच्या खोलीत, ध्यानाच्या घोंगडीवर, बसल्या जागी हे गेले. मंडळाचे लोक धावत आले. भिंतीला टेकलेला, मांडी न मोडलेला देह बघून बेडकिहाळे सरांनी हात जोडले. सर शाळेत गणित शिकवायचे, आता ध्यानमंडळ चालवतात. म्हणाले, "वहिनी, रडायचं नाही. समाधी लागली. टाळूतून प्राण गेला. असं मरण कोट्यात एकाला." त्यावर सगळ्या गावानं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. उद्या त्या दारावर संगमरवरी पाटी लावणार आहेत, 'समाधिस्थान' म्हणून, आणि मी दोन शब्द बोलायचे आहेत.

मी काय बोलू? त्या पहाटे आतून हाक आली होती. "अगं." एकदाच. मी दाराशी गेले. कडीला हात लावला. ती कडी बाहेरून मीच घालायची, कारण मांजर दार ढकलून आत जायचं आणि ह्यांच्या मांडीवर बसायचं. मी कडीला हात लावला आणि काढली नाही. चहा टाकायला परत गेले. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. स्वतःच्या मुलीलासुद्धा नाही.

पंखा खुटखुट करतोय. खुटखुट. खुट.

खण्ण.

रस्त्यावर लोखंड टेकवल्याचा आवाज. हा आवाज मी सरणावर पडल्या पडल्यासुद्धा ओळखीन.

"ऊठ की," हे म्हणतात. "वरच्या गल्लीचं पाणी राहिलंय."

पायाशी उभे आहेत. खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, खांद्यावर चावी. दाढी गुळगुळीत केलेली. मेलेल्या माणसाची दाढी कोण करतं, असं मनात येतं, आणि तेवढंच येतं.

"चहा टाकू?" मी विचारते.

"आल्यावर."

मी चपला शोधतेय तोवर आम्ही खालच्या गल्लीत आहोत. सगळी दारं सताड उघडी, चुली पेटलेल्या, आणि माणूस एक नाही. उजेड कसला आहे कळत नाही. सकाळचाही नाही, संध्याकाळचाही नाही. पायाखाली चिखल आहे आणि तो ऊन ऊन लागतोय. हे वाकून झाकण उचलतात. आत पाइप नाही. चिखलात रुतलेलं चार पाकळ्यांचं तांबडंलाल काहीतरी आहे, जास्वंदीसारखं. हे त्यात चावी घालतात आणि अंगाचा भार टाकून फिरवतात. रस्ता माझ्यासकट वर उचलला जातो आणि पुन्हा जागेवर बसतो.

"एक," हे म्हणतात.

"हे असलं कधी दाखवलं नाहीत मला."

"तू कधी आलीस बरोबर? तुझं आपलं एकच, दूध आणा."

"मग काय, ध्यान प्यायचं होतं काय चहात घालून?"

हे खो खो हसतात. मला एकदम रडू येतं, कारण हे हसणं मी विसरत चालले होते. वर्षभरात लोकांनी ह्यांचं इतकं कौतुक केलं, पण हसायचे कसे हे कुणी बोललंच नाही. फोटोतसुद्धा तोंड मिटलेलं.

दुसरं झाकण उघडतं तेव्हा खाली पाणी आहे, स्थिर, हळदीचं. त्यात मला माझं तोंड दिसतं, मुंडावळ्या बांधलेलं, अठरा वर्षांचं. मी बघत बसते. हे दंडाला धरून मला उठवतात.

तिसऱ्या झाकणाची मला गरजच नाही, आधीच धग लागतेय. रस्त्याच्या मधोमध आमचं स्वयंपाकघर आहे. भिंती नाहीत, ओटा आहे, भांड्यांची मांडणी आहे, आणि दारात गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा. हा सहा वर्षांपूर्वीचा दिवस आहे, मी लगेच ओळखते. त्या दिवशी गॅसवाला अवेळी पहाटेच आला होता. पैसे ह्यांच्या खिशात, आणि हे ध्यानाला बसलेले. मी खोलीत गेले आणि खांद्याला धरून गदागदा हलवलं. हे दचकून जे उठले ते थरथरतच. दोन दिवस ताप. अन्नाला शिवले नाहीत. वर मठातल्या बाबांनी मलाच झापलं, सगळ्यांदेखत, की ध्यानातल्या माणसाला हात लावायचा नसतो, हाक मारायची नसते, आतून कसलाही आवाज आला तरी दार उघडायचं नसतं. कुणी हुंकार देतं, कुणी रडतं, कुणी हसतं. तिकडं लक्ष द्यायचं नाही.

"त्या दिवशी मी शपथ घेतली," मी ह्यांना सांगते. "जळ्ळं मेलं ते ध्यान म्हटलं. पुन्हा हात लावीन तर नाव बदलीन."

"ऐकलं होतं मी. भांडी आपटत होतीस."

"मुद्दामच आपटत होते."

"ते पण ऐकलं होतं."

चावी फिरते. धग छातीपर्यंत येते आणि तिथं मऊ होते. चौथं झाकण आम्ही कधी ओलांडतो ते मला कळत नाही. फक्त चालता चालता माझा हात ह्यांच्या हातात आहे एवढं कळतं. रस्त्यात हात धरायची आमची रीत नव्हती. ह्यांच्या तळव्यावर चावीनं पडलेले घट्टे आहेत, जिथल्या तिथं. मी अंगठ्यानं एकेक चाचपून बघते.

मला विचारायचं आहे. एवढ्याचसाठी तर मी वर्षभर देवाला म्हणत होते, की एकदा भेटू दे, एकदाच. मी तोंड उघडते. आवाज येत नाही. पुन्हा उघडते. घशातून नुसता खर्र खर्र आवाज, उन्हाळ्यात रिकाम्या नळातून येतो तसा.

"हवा धरलीय," हे म्हणतात, जसं काही रोजचंच काम आहे. पाचव्या झाकणाशी उकिडवे बसतात. "पाइपात हवा अडली की मागं कितीबी पाणी असू दे, येत न्हाई पुढं. आधी हवा सोडावी लागती. थांब." खिशातून छोटा पाना काढतात, कुठंतरी दोन आटे सैल करतात. फुस्स.

"मला हाक मारली होती का तुम्ही?"

माझाच आवाज एवढा मोठा निघतो की गल्लीतल्या चुली विझतात.

हे पाना पुसून खिशात ठेवतात. मग चढ चढू लागतात. वर डोंगरावर टाकी दिसतेय, पांढरी, नेहमीपेक्षा खूप जवळ. मी मागून धापा टाकत जाते. चिडलेय मी. मेल्यावरसुद्धा ह्या माणसाची विचारलं त्याचं उत्तर न द्यायची खोड गेली नाही.

"अहो, सहावं झाकण कुठाय? सहा म्हणाला होतात ना?"

"सहावं तुझ्या सोप्यात हाय."

आणि आम्ही सोप्यात आहोत. टाकीच्या पायऱ्या चढता चढता. हीच चटई, हाच पंखा, बंद. ते दार उघडं आहे. हे चावी कोपऱ्यात उभी करतात, पाय पुसतात, आत जातात, दार ओढून घेतात.

"कडी घाल," आतून म्हणतात. "मांजर येतं."

"नाही घालणार."

"घाल गं."

"नाही म्हणते ना!" मी ओरडते. पण हात माझं ऐकत नाही. बावीस वर्षांची सवय. हात वर जातो आणि कडी घालतो. हातात हिरव्या बांगड्या आहेत, त्या किणकिणतात. डाव्या हातात सहा, उजव्यात सहा. गेल्या वर्षी जाऊबाईंनी त्या उतरवल्या तेव्हा उजव्यात पाचच निघाल्या होत्या. जाऊबाई म्हणाल्या होत्या, एक कमी कशी? मी म्हटलं होतं, कधी वाढली कोण जाणे.

"अगं," आतून आवाज येतो.

तोच. तसाच.

"हाक मारली का तुम्ही?" मी दाराला गाल लावून विचारते. "की ध्यानातला आवाज होता? खरं सांगा. उद्या मला चारचौघांत बोलायचंय."

"हाक मारली."

"कशाला?"

"छातीत कळ आली म्हणून. दुसरं कशाला मारीन?"

"म्हणजे समाधी नव्हती?"

"कसली समाधी घेऊन बसलीस. घामानं घोंगडी भिजली होती. 'सो' कुठं गेलं न 'हं' कुठं गेलं."

मी दारावर डोकं टेकते. एवढंच ऐकायची मला भीती होती, आणि ऐकल्यावर वाटतं, बरं झालं, कुणीतरी एकदाचं खरं बोललं.

"मी दार उघडलं असतं तर वाचला असतात?"

टाकीत पाणी पडावं तसा लांबून आवाज येतोय.

"ते मला काय ठाऊक," हे म्हणतात. "चावी फिरवल्याबिगर कुठल्या नळाला किती पाणी येईल, हे मी पस्तीस वर्षांत कधी कुणाला सांगितलं न्हाई. आता कशाला खोटं बोलू?"

"मला नियम आठवला म्हणून मी थांबले, असं नाही हो. मला राग आला होता. म्हटलं, घ्या, पाळते तुमचा नियम. बसा हाका मारत. मी खुन्नस काढली तुमच्यावर." हे मी बोलते आणि मला हुंदका फुटतो. वर्षभर रडले ते खरं नव्हतं, हे खरं आहे. "मी वाईट आहे."

"ठाऊक हाय."

"वाईट आहे हे?"

"रागावली होतीस हे. तुझी पावलं आली आणि बांगडी वाजली. रागात तुझी बांगडी कशी वाजती हे मला कळायचं न्हाई होय? इतकी वर्षं ऐकलेली."

मी पुन्हा दाराला गाल लावते.

"मग माझं सगळं ध्यान तिकडंच," दारापलीकडून आवाज येतो, अगदी जवळून. ते पण दाराला गाल लावून असावेत. "तुला म्हणून सांगतो, हौसा, बेडकिहाळेला सांगू नको. बावीस वर्षं बसलो, पण मन कधी एका जागी राहिलं न्हाई. एकदा गळका सांधा, एकदा पोरीचं लग्न, एकदा तुझी वांग्याची भाजी. त्या दिवशी राहिलं. कडीवर तुझा हात, आणि अलीकडं मी. दुसरं काय सुचंना. शिव न्हाई, शक्ती न्हाई, मी न्हाई. नुसतं किण्ण."

"दुखायचं थांबलं?"

"न्हाई. दुखत होतं की. पण तू दाराशी होतीस."

मी कडीवरचा हात काढत नाही.

"बांगडी फुटली बघ तेव्हा तुझी," हे म्हणतात.

"फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

"मेलेल्या माणसाला काय शिकवतीस!" आणि पुन्हा तेच हसू. "कोयंड्याखाली चौकट सुटलीय ना, गिलावा पडलाय. मी बुजवीन बुजवीन म्हणत राहिलो, तिथं गेली. आणि ही कडी काढ आता. मांजर कधीच मेलं."

मी कडी काढते. दार उघडतं. आत खोली नाही, वर टाकी आहे, काठोकाठ भरलेली, आणि हलत नाही. काठावर घोंगडी अंथरलेली. दुसऱ्याच्या आसनावर बसू नये, म्हणून मी शेजारी बसते. श्वास आत जातो, बाहेर येतो. कोण घेतंय आणि कोण सोडतंय ते कळत नाही, आणि कळावं असंही वाटत नाही. खालून, अगदी खालच्या गल्लीपासून, पाणी चढत येतंय.

धो धो.

मी डोळे उघडते. मोरीतला नळ वाहतोय. आज आमच्या गल्लीची पाळी, साडेचारला पाणी येतं. बादली भरून सांडतेय. पंखा खुटखुट करतोय. तोंड ओलं आहे, उशी ओली आहे. हौसाबाई, डाळ कमी खा, असं मी स्वतःला म्हणते आणि उठून नळ बंद करते.

परत येताना मात्र पाय दाराशी थांबतात.

कोयंड्याखाली चौकट भिंतीपासून सुटलेली आहे. फट आहे, बोट जाईल एवढी. वर्षभर मी ह्या दाराकडं बघितलंच नाही, तर फट कुठली बघणार. मी उजव्या हाताचं बोट घालते. गिलाव्याची माती, कोळिष्टक. आणखी आत घालते, आणि स्स्. बोट काढते तर टोकाला रक्ताचा थेंब. केसातली आकड्याची पिन काढून मी ती फट उकरते. मातीबरोबर माझ्या तळव्यावर एक तुकडा पडतो. हिरवी काच. नखाएवढी, जराशी वाकलेली.

मी तिथंच उंबऱ्यावर बसते. किती वेळ ते विचारू नका. मग कडी काढते. वर्षाची कडी, जड जाते. आत धूळ आहे, बंद हवेचा वास आहे, आणि भिंतीला लागून घोंगडी, मधोमध बसून बसून खोलगट झालेली. मी तो तुकडा तिच्यावर नेऊन ठेवते आणि दार उघडंच टाकते.

फोन वाजतो. बेडकिहाळे सर.

"वहिनी, पाटी आली बरं का! काय सुंदर अक्षर कोरलंय म्हणून सांगू. उद्या दहाला लावून टाकू. तुमचे दोन शब्द तयार आहेत ना? त्या पहाटेचं जरा सविस्तर सांगा. नवीन साधकांना बळ येतं."

"सर, पाटी आणू नका."

"का? काय झालं?"

बोट दुखतंय. रक्त थांबलं नाही अजून. मी पदराच्या टोकात ते दाबून धरते.

"ती समाधी नव्हती. छातीत कळ आली होती त्यांच्या. मला हाक मारली त्यांनी."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येतो, सरांचा. आत एकदा, बाहेर एकदा.

"हाक मारली? तुम्ही... तुम्ही ऐकली, वहिनी?"

"ऐकली," मी म्हणते. "मी दाराशीच होते."